मेलेल्या बंदुकीची पूजा

दोन हजार तेवीस साल. मला त्र्याहत्तरावं लागलं होतं. शाळा माझी चौथीत सुटली, म्हणजे मीच ती सोडली, मेंढरांमागं जायचं म्हणून. तेव्हा लिहिण्यात चूकभूल असेल ती असो. पण सांगतो ते खरं. खोटं बोलायची मला सवय नाही, गरजही कधी पडली नाही. एक दिवस सोडून. त्याच दिवसाचं सांगायला बसलोय.

आमचं मूळ मेंढरांचं. पाऊस सरला की बाप कळप घेऊन निघायचा आणि मी त्याच्या मागं. जुन्नरच्या किल्ल्यांच्या पायथ्याला, ओढ्याकाठी मुक्काम पडायचा. तिथं मेंढराच्या खुरानं माती उकरली तर काय वर येईल सांगता यायचं नाही. मला पहिली सापडली ती तलवारीची मूठ. पातं गंजून गेलेलं, नुसती मूठ, पण हातात धरली आणि बोटं आपोआप बसली. बाप म्हणाला, "टाक ते. दुसऱ्याचं मरण घरात कशापायी आणतो?" मी टाकली नाही. नाद लागला तो तिथनं.

पुढं मेंढरं कमी झाली, शेताला पाणी आलं, कांदा आला. नाद मात्र वाढत गेला. नारायणगावच्या बाजाराला गेलो की बाकीचे बैलं बघायला जायचे आणि मी वारूळवाडीच्या एका भंगारवाल्याकडं. पत्र्याचे डबे, सायकलींचे सांगाडे उचकून बघायचो. कट्यार मिळाली, भाल्याची फाळं मिळाली, एक दांडपट्टा मिळाला. गेंड्याची म्हणून घेतलेली ढाल म्हशीच्या कातड्याची निघाली, तरी ती मी गेंड्याचीच म्हणून दाखवतो. (हे खोट्यात धरू नये. मला विकणाऱ्यानं तसंच सांगितलं होतं.) एक तोफगोळा मिळाला, तो बायकोनं ताब्यात घेतला आणि लोणच्याच्या बरणीवर दडपण म्हणून ठेवला.

आणि ती बंदूक. जुन्नरात कुणाचं तरी जुनं घर पाडलं, त्याच्या माळ्यावर निघाली आणि त्याच भंगारवाल्याकडं आली होती. माझ्याहून उंच. तोड्याची बंदूक, म्हणजे काडतूस-बिडतूस काही नाही. पुढनं नळीत दारू आणि गोळी ठासायची. मागं बाजूला एक बारीक भोक, त्याला कान म्हणायचं, आणि कानाखाली वाटीएवढी खोलगट जागा. तिथं पेटती वात टेकवली की ठो. भंगारवाला तिला वजनावर द्यायला तयार नव्हता, म्हणून मी त्याला कळपातला चांगला शिंगाळ मेंढा दिला. बायकोनं त्या मेंढ्याचं अजून सोडलेलं नाही.

नव्या घराला स्लॅब पडला तेव्हा मी पुढच्या खोलीत दोन दणकट खुंट्या मारल्या आणि बंदूक चढवली. तोंड दाराकडं.

बायको म्हणाली, "अवं, तिचं तोंड भिंतीकडं करा. येणारा माणूस आदी तिच्याच तोंडाला लागतोय."

"हत्याराचं तोंड दाराकडंच आसतं. घराची राखण हाय ती."

"राखण करायला कुत्रं हाय की. त्याला निदान भाकर तरी कळती."

मी ऐकलं नाही. त्याच खुंट्यांपैकी एकीला आमच्या पोराची झोळी बांधली होती आणि पुढं पोराच्या पोरांचीही. लेकरं त्या नळीखाली वाढली.

कुणी पाहुणा आला की चहाच्या आधी बंदूक खाली उतरायची. मी ती पाहुण्याच्या छातीला लावायचो, पेटती बिडी कानाला टेकवायचो आणि तोंडानं मोठ्यांदा म्हणायचो, "ठो!" पाहुणा दचकायचा, मग हसायचा. व्याही दचकले, शाळेचे मास्तर दचकले. आमचे पोलीस पाटील तर चहा सांडून बसले होते. ते माझ्या पोराच्या वयाचे, मला आबाच म्हणतात. दर निवडणुकीला गावातली परवान्याची हत्यारं जमा करायची असतात, तेव्हा ते दारातनंच विचारायचे, "आबा, ती भिंतीवरची जित्ती हाय का मेलेली?"

"मेलेली."

"बगा बरं. माझ्या नोकरीवर बेतायचं."

एकदा पारावर चहा घेताना हाच विषय निघाला. कुणीतरी म्हणालं, "मेलेल्या बंदुकीला काय भ्यायचं राव? आबा तरी कुठं जित्ते हायती?" सगळे हसले. मला राग आला. मी उभा राहून म्हणालो, "ज्या दिवशी ती बंदूक जित्ती निघंल, त्या दिवशी मी सोता तिला खांद्यावर मारून घोडेगावच्या ठाण्यात नेऊन देईन. गाडीनं न्हाई. चालत." पोलीस पाटील तिथंच होते. म्हणाले, "शबूद ऱ्हायला, आबा." मी म्हणालो, "ऱ्हायला."

खरं तर नळीत काठी घातली की ती शेवटपर्यंत जात नसे, अलीकडंच अडायची. मला वाटायचं, कुंभारमाशीनं आत मातीचं घर केलं असेल. आमच्या घरात त्या माश्या कुठंही घर करतात. पोराच्या बुटातसुद्धा केलं होतं.

त्या वर्षी गणपतीच्या सुमारास पुण्याहून एक गृहस्थ आले. त्यांनाही हाच नाद. बंदूक बघितली, बोट फिरवलं, बोटाला कुंकू लागलं. म्हणाले, "अहो, तुम्ही हिला कुंकवात बुडवून टाकलीय. खालचं नक्षीकाम दिसतच नाही. जनावराला तरी पोळ्याला धुता, हिला कधी धुतलीत?"

खरं होतं. खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारं पुजतात. कोयते, विळे, मेंढरांची लोकर कातरायची कातर आणि त्यांच्या जोडीला मी जमवलेलं सगळं घोंगडीवर मांडायचो. बंदुकीच्या कानापाशी मी दरवर्षी कुंकवाचा तेलात कालवलेला लगदा थापायचो आणि त्या लगद्यात उदबत्ती खोचायचो. बापानं कातरीपाशी खोचलेली मी बघितली होती, तशीच. वर्षानुवर्षांचे ते लगदे वाळून दगड झाले होते. पण परक्या माणसानं मला माझ्या वस्तूची निगा शिकवावी? मी मनात धरलं.

नवरात्रात बंदूक अंगणात घेतली. कोरडी राख आणि काथ्या घेऊन घासली. कुंकवाचे पापुद्रे निघाले, खाली पितळेची वेल निघाली. शेवटी कान राहिला. पोती शिवायचं दाभण घेतलं आणि टोचत बसलो. पहिल्यांदा लाल चुरा आला, मग काळा. काळा चुरा कानाखालच्या वाटीत साचला. मी म्हटलं, गंज असेल. दाभण आत सरकलं तेव्हा मला अभिमान वाटला. वाटी पुसायची मात्र राहिली.

खंडेनवमीची सकाळ. घोंगडी अंथरली, सगळं मांडलं. बंदुकीची नळी पाटावर टेकवली, तोंड दाराकडं. सून कडेवर तान्ही घेऊन एका बाजूला उभी, पोरगा घंटी वाजवायला. बायको दारात उंबऱ्याशी आडवी बसून नैवेद्याच्या भाताचे तांदूळ पाखडत होती, तिथं वारा बरा लागतो म्हणून.

यंदा लगदा थापला नाही. एवढी वेल निघाली होती, ती कशाला बुजवायची? कान मोकळा होता, उदबत्तीची काडी त्यात नीट बसली. जणू त्यासाठीच केलेला. मी हात जोडले. पोरानं घंटी हलवली. उदबत्तीचा निखारा वाकला आणि खाली वाटीत पडला.

फुस्स झालं. त्यानंतरचा आवाज मी ऐकला असं म्हणता येणार नाही. तो अंगाला लागला. खोली पांढरी झाली. बंदूक घोंगडीसकट मागं गेली आणि तिचा दस्ता लोखंडी कपाटावर आदळला. कानात नुसती शिट्टी. पोराचं तोंड उघडं दिसत होतं, पण त्यातनं काही येत नव्हतं. तान्ही रडत असावी, तिचाही चेहराच दिसला.

धूर दाराकडं सरकला आणि मला बायको दिसली. ती बसली होती तशीच बसली होती. हात चालू होते. सूप वर-खाली होत होतं आणि सुपाच्या मधोमध लिंबाएवढं भोक होतं. पाखडायचं ती थांबतच नव्हती. तांदूळ भोकातनं तिच्या मांडीवर गळत होते.

मी गुडघ्यांवरच सरकत गेलो आणि तिचे हात धरले. तेव्हा ते थांबले. तिनं सुपाकडं बघितलं, मग माझ्याकडं. केसांत तांदूळ अडकले होते. पाखडताना सूप ती पोटापासून वीतभरच पुढं धरते. मी तिच्या पोटाला हात लावून बघितला, पाठीला लावून बघितला. काही नव्हतं. अंगणातल्या शेवग्याच्या बुंध्याला मात्र ढलपी उडाली होती आणि आत शिसं चमकत होतं.

शेजारपाजारचे पळत आले. पोरगा दारात आडवा उभा राहिला. "काय न्हाई, काय न्हाई. सुतळी बॉम्ब वाजला. सणाचं आणलं व्हतं." लोक पांगले. पोलीस पाटील पांगले नाहीत. त्यांनी आत नाक लावून वास घेतला, शेवग्याकडं बघितलं, भिंतीवरच्या रिकाम्या खुंट्यांकडं बघितलं. मग माझ्याकडं बघून हळूच म्हणाले, "फटाकाच व्हता ना, आबा?"

मला कळलं की ते मला वाट करून देत होते. माझ्या जिभेला काय झालं माहीत नाही. मी मान हलवली. हो अशी.

"मग ठीक हाय," म्हणाले आणि गेले.

दिवसभर मी पुढच्या खोलीत बसून राहिलो. नळीत काठी घातली, आता ती शेवटपर्यंत गेली. मग बादलीभर पाणी आणून आत ओतलं, काळं पाणी खाली आलं. पाहुण्यांचे चेहरे एकामागनं एक यायला लागले. व्याही. मास्तर. पोलीस पाटील, चहा सांडलेले. प्रत्येकाच्या छातीला नळी आणि कानाला माझी बिडी. ते हसत होते. कुंकवाच्या दगडामागं ती जित्तीच होती, मी "ठो" म्हणायचो तेव्हाही, झोळी हलायची तेव्हाही. मी उठून स्वयंपाकघरात गेलो आणि लोणच्याच्या बरणीवरचा तोफगोळा दोन्ही हातांनी उचलून अंगणात लांब नेऊन ठेवला. बायको बघत होती.

"ते काय अंडं हाय का, फुटायला?" ती म्हणाली.

"मला आता काय सांगता येत न्हाई."

ती जमिनीवरचे तांदूळ वेचायला बसली. मीही बसलो. मला वाटलं, आता मेंढ्याचं काढेल, भिंतीकडं तोंड करा म्हणाली होती त्याचं काढेल. तिनं ते काढलं नाही. म्हणाली, "पाटलांनी इचारलं तवा तुमी मान हलवली."

"पोरानंच फटाका म्हणलं व्हतं."

"पोराचं मी इचारत न्हाई. एवढी वर्सं तुमचा आडमुठेपणा काढला. का काढला? माणूस आडमुठा हाय, पण बोलला ते बोलला, म्हणून. आता ते बी गेलं, तर मग माझ्याजवळ काय ऱ्हायलं? नुसता आडमुठेपणा?"

पोरगा आतनं म्हणाला, "आई, उगं लफडं नको. चौकशी लागंल, चकरा माराव्या लागतील. हिरीत टाकून देऊ."

ती मुठीतले तांदूळ भोकाच्या सुपात टाकत राहिली आणि गळाले की परत वेचत राहिली. रात्री मी जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा. तांबडं फुटताच अंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलं, फेटा बांधला. बंदूक खांद्यावर घेतली, तोंड आभाळाकडं. बायको दारात होती. सुपाच्या भोकाला तिनं जुन्या लुगड्याचं ठिगळ लावलं होतं. ती वाट सोडून बाजूला सरकली.

आधी पोलीस पाटलांच्या घरी गेलो. ते दात घासत होते.

"काल फटाका नव्हता," मी म्हणालो.

त्यांनी चूळ टाकली. "आबा, मला ठावं हाय. म्हणूनच तर…" मग माझ्या खांद्याकडं बघितलं आणि म्हणाले, "थांबा, गाडी काढतो."

"चालत म्हणलं व्हतं."

ते चपला घालून माझ्याबरोबर निघाले. वेशीवर लोक आपट्याची पानं घेऊन उभे होते. कुणी विचारलं, "आबा, हे काय?" मी म्हणालो, "जित्ती निघाली." त्या दिवशी मला कुणी हसलं नाही. घोडेगावपर्यंत आम्ही दोघं रस्त्याच्या कडेनं चाललो. दोनदा मला बसावं लागलं, दोन्ही वेळा बंदूक मी त्यांच्या हाती दिली नाही.

ठाण्याच्या आवारात टेबलावर पांढरी चादर अंथरली होती. रायफली ओळीनं मांडलेल्या, झेंडूच्या माळा, नारळ, कुंकू. साहेब नुकतीच उदबत्ती पेटवत होते. मला बघून ते म्हणाले, "या आबा, तुमची पण ठेवा पूजेला."

मी खांद्यावरनं ती उतरवली नाही. म्हणालो, "साहेब, आदी ती उदबत्ती लांब ठेवा. मग सांगतो."