बाईंची अट

पडद्यावर शून्य दिसलं की बाई चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि खुर्ची पुढं ओढायच्या. "शून्य दिसलं म्हणून शून्य असतं का, भाऊ?" उत्तराची वाट त्या कधी बघायच्या नाहीत.

मी आमच्या संस्थेच्या जुन्नरच्या कचेरीत कॉम्प्युटरवर आकडे भरायचो. संस्थेचे छोटे दवाखाने आहेत. बाई कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, राहायला अवसरी बुद्रुकला. एसटीनं यायच्या आणि आवड म्हणून आमच्यासाठी सॉफ्टवेअर लिहायच्या. ते अडलं की त्याला समजवायच्या, "असं नको रे करू, बाळा." तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील.

साप चावलेले रोगी कुठल्या भागातून येण्याची शक्यता किती, हे काढून त्याप्रमाणं सापाची लस ठेवायची होती. येडगावकडून पुष्कळ रोगी आलेले. वर डोंगरातल्या घाटघरकडून एकही नाही. सॉफ्टवेअरनं सगळी शक्यता खालच्या गावांत वाटून टाकली आणि घाटघरपुढं शून्य लिहिलं.

"मग तिथं लस कशाला?" आमचे प्रमुख म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाई मला घेऊन घाटघरला गेल्या. भातखाचराच्या बांधावर बसलेल्या एका म्हाताऱ्याला त्यांनी सरळच विचारलं, "बाबा, इकडं साप चावत न्हाई का?"

"चावतो की. लई चावतो. पर खाली न्यायचं म्हंजी..." बाबांनी खालच्या वाटेकडं बघितलं. "आमची सून रस्त्यातच गेली."

परतताना जीपमध्ये बाई एवढंच म्हणाल्या, "जे पोचलेच नाहीत, ते आपल्या आकड्यांत कुठून येणार?"

मग त्यांनी सॉफ्टवेअरला एक अट घातली. डोंगरातल्या माणसाला साप चावण्याची शक्यता खालच्या माणसापेक्षा कमी धरायची नाही. ही अट पाळून मिळालेल्या आकड्यांशी सगळ्यात जास्त जुळेल ते उत्तर शोधायचं. घाटघरचं शून्य गेलं.

"बाई, हे तुम्ही मनचं घातलंत," प्रमुख म्हणाले.

"मनचं नाही. त्या बाबांच्या सुनेचं आहे. वाटलं तर अट काढा. पण घाटघरला जाऊन ते शून्य तुम्हीच सांगा."

प्रमुखांनी अट राहू दिली. महिन्याभरात लस घाटघरच्या दवाखान्यात गेली, सोबत डॉक्टरही.

पुढच्या पावसाळ्यात घाटघरला दिलेल्या माझ्या मावसबहिणीला लावणी करताना घोणस चावली. लस वेळेवर मिळाली. ती वाचली.

बरी झाल्यावर नवे तांदूळ घेऊन ती माझ्याबरोबर अवसरीला आली. बाईंनी आधी तिचा पाय बघितला. "दुखतो का गं अजून?"

"थंडीत ठणकतो जरा. पर चालतंय, बाई."

बाईंनी तेच तांदूळ शिजायला टाकले आणि आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. आभाराचं बोलणं काढलं की आणखी भात वाढायच्या.

गेल्या वर्षी बाई गेल्या. ते सांगायला मी घाटघरला गेलो, तेव्हा बहीण खाचरात होती. ती ताठ उभी राहिली. "अवसरी कुठल्या अंगाला रं, दादा?"

मी हात केला. तिकडं तोंड करून तिनं चिखलाचे हात जोडले. मग पदर खोचून पुन्हा लावणीला वाकली.