नापास करण्याची विनंती

दक्षिण कोरियातल्या हेनाम गावाजवळच्या विद्यापीठाच्या खानावळीत प्यो सुनदोकबाईंनी अठ्ठावीस वर्षं भात वाढला. पुढे पोरं इतकी कमी झाली की खानावळच बंद पडली. ज्या कचेरीने बाईंना नारळ दिला, त्याच कचेरीचा महिन्याभरात फोन आला, की साठीपुढच्यांना अर्ध्या फीत प्रवेश आहे, येता का शिकायला? विद्यापीठाला डोकी कमी पडत होती आणि बाईंना घर खायला उठलं होतं. त्या गेल्या.

त्यांचा विभाग म्हणजे तत्त्वज्ञान, पर्यटन आणि संगणक या तीन आजारी विभागांची खिचडी. नाव ठेवलं होतं ‘भविष्यसुख संगम विभाग’. त्याचा अर्थ विभागप्रमुखांनाही सांगता येत नसे. पहिल्या सत्रात बाईंनी संख्याशास्त्र, जपानी संभाषण, गोल्फची तोंडओळख आणि मोबाइलवर दुकान काढणे असं चारी ठाव जेवून घेतलं. पचलं काहीच नाही.

दुसऱ्या सत्रात मात्र तर्कशास्त्र भेटलं आणि बाईंचा जीव तिथे जडला. ‘सगळे’, ‘काही’ आणि ‘कोणीच नाही’ यांतला फरक एकदा कळल्यावर, सासरच्या माणसांनी आपल्याला चाळीस वर्षं कुठे कुठे गुंडाळलं ते त्यांना एकेक करून दिसू लागलं. दिवंगत नवऱ्याचे दोन युक्तिवाद तर त्यांनी वहीतच खोडून काढले.

शिकवायला बान सर होते. वय एकोणपन्नास, नोकरी कायम नाही, तासावर बोलावलेला माणूस. आठवड्यातून एकदा ग्वांगजू शहरातून बस बदलत यायचे. याच विद्यापीठात शिकलेले, त्यामुळे ताट पुढे करून उभा राहणारा किडकिडीत बान बाईंना चांगला आठवत होता. त्याच्या ताटात तेव्हा त्या तळलेल्या बांगड्याचा एक तुकडा जास्त सरकवत. आता त्या उकडलेली रताळी घेऊन गेल्या, तर सरांनी हात मागे घेतला. विद्यार्थ्याकडून शिक्षकाने कॉफीसुद्धा घ्यायची नाही असा कायदा आहे. बाईंनी कायद्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या आणि रताळी बसस्टॉपवर बसून एकटीने खाल्ली.

डिसेंबरात निकाल लागला. बाईंना तर्कशास्त्रात ए-प्लस. जन्मात पहिल्यांदा त्यांना कोणी पहिली म्हटलं होतं. पण त्याच दिवशी विभागातल्या कारकून मुलीने सांगितलं, की पुढच्या सत्राला या विषयाची नावं आलीत फक्त नऊ. दहाच्या खाली आलं की विषय बंद, हा नियम, आणि सरांचा इथे दुसरा विषयच नव्हता. बाईंनी पोरांना गळ घातली. पोरं म्हणाली, हे सर रोज हजेरी घेतात, मार्कही हातचे राखून देतात. बरोबरीच्या म्हाताऱ्या म्हणाल्या, आम्हाला डोकेदुखी नको, आम्ही फुगे फुगवून सजावट करायचा वर्ग घेतलाय.

तेव्हा बाई सरांकडे गेल्या.

“मला नापास करा,” त्या म्हणाल्या.

गुण बदलून देण्याचा तो आठवडाच होता. चांगली श्रेणी मिळालेल्याला तोच विषय पुन्हा घेता येत नाही, म्हणून मधल्या श्रेणीत अडकलेली पोरं, विषय पुन्हा घेऊन वरची श्रेणी मिळवता यावी यासाठी, दरवर्षी सरांकडे गुण उतरवून मागायला येत. ए-प्लस उतरवून मागणारं अजून कोणी आलं नव्हतं. बाईंनी वहीत लिहून आणलेलं वाचून दाखवलं. दहा नावांशिवाय वर्ग उघडत नाही. नऊ आहेत. नापास झालेल्याला पुन्हा नाव घालता येतं. म्हणून मी नापास व्हायला हवं.

“थोडे उतरवले तरी चालेल ना,” सर म्हणाले.

“करायचंच तर पुरतं करा.”

सरांनी वही दोनदा वाचली. “यात चूक सापडत नाही, प्यो बाई. आणि इतकं नेटकं मांडणाऱ्या बाईला मी तर्कशास्त्रात नापास कसं करू?”

“तुम्ही जेवला नाहीत तर वर्ग कोण घेणार?” बाई म्हणाल्या. हे काही तर्कशास्त्र नव्हतं.

सरांनी वही मिटून बाईंना परत दिली. मग खानावळीत म्हणत तसं “मावशी,” एवढंच म्हणाले आणि संगणकाकडे वळले. बदलाचं कारण लिहिल्याशिवाय पान पुढे सरकत नव्हतं. आयुष्यभर खरंखोटं ओळखायला शिकवलेल्या त्या माणसाने तिथे ‘बेरजेत चूक’ असं लिहिलं. बाईंना त्या क्षणी आपल्या ए-प्लसपेक्षा त्या नापासाचा जास्त अभिमान वाटला.

मार्चमध्ये दहा नावांचा वर्ग उघडला. बाई नवी पेन्सिल घेऊन पहिल्या बाकावर बसल्या. आत आले नामगुंग प्राध्यापक. त्यांचा गोल्फ व्यवस्थापन विभाग थंडीत बंद झाला होता, आणि कायम नोकरीतल्या माणसाचे तास कुठून तरी भरायलाच हवेत. बंद पडणारा विषय कचेरीने त्यांना दिला नसता. हा तर उघडला होता. बान सरांना मोबाइलवर दोन ओळींचा निरोप गेला होता म्हणे.

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण विषय वाचवला आणि माणूस घालवला, हे त्यांना तिथल्या तिथे कळलं.

नामगुंग प्राध्यापकांनी पुस्तक उलटसुलट करून पाहिलं. माणूस वाईट नव्हता. ते मोकळेपणाने म्हणाले, “माझा हा विषय नाही. तुमच्यापैकी कोणी आधी केलाय का?”

सुनदोकबाई उभ्या राहिल्या.

“मी केलाय, सर. नापास झालेय,” त्या म्हणाल्या. “शिकवणारे फार चांगले होते.”