अर्ध्यावर आलेला काटा

८ नोव्हेंबर. काम एकच, गाडी तपासून ठेवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, वाशीमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात पोचवायचं होतं. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू. याआधी दोनदा तारीख घेऊन दोनदा मोडली होती. एकदा खोकला झाला, एकदा मांजर आडवं गेलं. तिसऱ्या वेळी त्या तयार झाल्या, पण अट घालून. "तू नेशीन तं येईन. दुसऱ्या कोणाच्या गाडीत मी बसत नाई."

सासऱ्यांचा, मामाजींचा, ऑपरेशनलाच विरोध होता. विषय निघाला की त्यांचं एकच, "दिसते की तिले. मले तं रोज वळखते."

आठ तारखेला सकाळी साडेसातला चावी फिरवली. गाडी लगेच सुरू झाली, दोनेक मिनिटं चालली, मग गचके खाऊ लागली. मागून पांढरा धूर आला आणि बंद पडली. पुन्हा सेल्फ मारला. इंजिन जोरात फिरत होतं, म्हणजे बॅटरी चांगली होती. पण पेटेचना. ही जुनी पेट्रोल गाडी मी पाच वर्षं चालवते, तिचे आवाज मला माहीत आहेत. चावी अर्धीच फिरवून कान दिला. मागच्या सीटखालून पंपाची घूं ऐकू आली. पंपही चालू. म्हणजे घोटाळा पेट्रोलमध्येच असणार.

मालेगावच्या मिस्त्रींना फोन लावला.

"भाभी, पयले सेल्फ मारणं बंद करा. काटा किती दाखवते?"

काटा अर्ध्यावर होता. परवा अनसिंगहून आले तेव्हा तो लाल रेषेच्या जरासा वर होता. दवाखान्यात जाताना पंपावर भरू म्हणून मीच तसा सोडला होता.

"टाकीतलं थोडं कागदावर टाकून पाहा," मिस्त्री म्हणाले. "पेट्रोल उडून जाईन. डाग राह्यला तं मले सांगा."

फवारणीच्या पंपाची नळी टाकीत सोडून वाटीभर काढलं आणि जुन्या कॅलेंडरच्या पानामागे दोन थेंब टाकले. दहा मिनिटांनी पाहिलं तर तेलकट डाग तसाच. बोटांना ट्रॅक्टरचा वास. डिझेल.

नवरा कालपासून सोयाबीन घेऊन वाशीमच्या बाजारात अडकला होता. घरात आम्ही तिघंच. पडवीतल्या डिझेलच्या कॅनचं झाकण वाकडं बसलेलं दिसलं. मनात पहिला विचार आला तो चांगला नव्हता. मामाजींनी मुद्दाम केलं, उद्याचं जाणं मोडावं म्हणून. मी तशीच ओट्यावर गेले. दोघं उन्हात बसले होते.

"मामाजी, गाडीत काई टाकलं का तुमी?"

"हो," ते लगेच म्हणाले. चांगलं काम केल्यासारखं. "पहाटीच टाकलं. काटा खाली होता. रस्त्यात बंद पडली असती तं तुही सासू वापस घरी पळाली असती."

"काय टाकलं?"

"डिझेल. गाडीत दुसरं काय टाकतेत?"

"नरसाळं म्या धरलं होतं," आत्याबाई म्हणाल्या. "दिसे नाई, पण एक थेंब सांडू देल्ला नाई."

चाळीस वर्षं या माणसाने आधी विहिरीवरचं इंजिन चालवलं, मग ट्रॅक्टर. दोन्ही डिझेलवर.

"हे पेट्रोलवर चालते, मामाजी."

ते माझ्याकडे नाही, आत्याबाईंकडे पाहू लागले. त्यांनी पदर सावरला.

"घ्या. देवाच्याच मनात नाई. राहू द्या उद्याचं."

मला भीती होती ती याचीच. आता चौथी तारीख काही त्या घेऊ देणार नव्हत्या. पण मी तोंड उघडायच्या आधी मामाजीच बोलले, "डिझेल म्या टाकलं. देवाले कायले मधात आणून राह्यली? उद्या जाचंच हाये."

मिस्त्री तीनला आले. टाकी पूर्ण रिकामी केली, फिल्टर बदलला, प्लग काढून पुसले. "काकाजी, नांगर जोडाचा होता का हिले?" त्यांनी विचारलं.

"तू बोल कमी, पाना चालव," मामाजी म्हणाले. टाकीतून निघालेलं सगळं धरायला कॅन घेऊन तेच वाकून बसले होते. मी म्हटलं, द्या इकडे, कंबर धरील. त्यांनी दिला नाही. मिस्त्री पुढे बॉनेटपाशी गेले तेव्हा हळूच म्हणाले, "तुही सासू भाकर ताटात नाई, बाजूले भुईवर ठेवते. रोजच. मी उचलून घेतो. सांगत नाई."

मी फडकं त्यांच्या हातात दिलं. "पयले हात पुसा."

साडेपाचला पाच लिटर चांगलं पेट्रोल घालून चावी फिरवली. दोनदा खोकून गाडी सुरू झाली. थोडा वेळ धूर आला, मग तोही थांबला. चक्कर मारून आणली आणि चावी उशाशी ठेवली.

सकाळी साडेसहाला निघालो. आत्याबाई मागे, मामाजी माझ्या शेजारी. वाशीम रोडवरच्या पंपावर गाडी लावली, त्यांच्या बाजूची काच खाली केली आणि म्हटलं, "तुमी सांगा."

त्यांनी डोकं बाहेर काढलं. पंपावरचा माणूस दोन हातांच्या अंतरावर उभा होता, तरी ते ओरडले, "पेट्रोल! पेट्रोलच टाक."

"मीटर झिरो हाये का पाहा," मागून आत्याबाई.

"आता मी पाह्यतो," ते म्हणाले. "पुढच्या खेपीले तू पाह्यजो."

टाकी भरली. मी चावी फिरवली आणि गाडी वाशीमच्या रस्त्याला घातली.