लेमाईने माळ्यावरून उतरवलेली मोटर

कातिबास नदीच्या काठावरच्या त्या लांबघरात बावीस दारं होती, दारामागे एकेक कुटुंब, आणि सगळ्यांची मिळून एकच ओसरी. सकाळी तिथे बसून रात्रीची स्वप्नं एकमेकांना सांगायची, ही जुनी रीत. सातव्या दारातली लेमाई मात्र गेल्या नऊ वर्षांत त्यात कधी बोलली नव्हती. नवरा, मेंग्गा, नदीत गेला तेव्हापासून तिला स्वप्नंच पडत नाहीत, असं सगळे धरून चालले होते.

त्या दिवशी चटई विणताना तिचा हात थांबला.

"काल मेंग्गा आला होता," ती म्हणाली. "होडीच्या पुढच्या टोकाला बसला होता, माझ्याकडे पाठ करून. पाण्यात पाय सोडलेले. होडी आपली वरच्या अंगाला चाललेली, आणि आवाज कशाचाच नाही. मी विचारलं, कुठे चाललायस? तर वळूनसुद्धा बघितलं नाही."

म्हाताऱ्या सुदाईने तोंडातलं पान गालात सारलं. "फळं मागतोय तो. त्याच्या आजाने वरच्या अंगाला लावलेली दुरियानची झाडं काटेरी फळांनी वाकली असतील, आणि बायको इथे चटया विणत बसलीय. न येऊन करेल काय?"

लेमाईचा दीर जराव होड्यांच्या मोटरी दुरुस्त करायचा. तो म्हणाला, "वहिनी, उद्या माझ्या होडीतून चला."

"तुझ्या नको. त्याची मोटर माळ्यावर आहे. ती काढ."

जरावने वर माळ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "ती आता भंगारात द्यायच्या लायकीची आहे."

"बघितल्याशिवाय सांगतोस?"

मोटर उतरवली तेव्हा तिच्यात मुंग्यांचं वारूळ निघालं. जरावने प्लग काढला, आत तेलाचे थेंब सोडले आणि एक रात्र तशीच ठेवली. सकाळी चाक हाताने फिरवलं, तर कुरकुरत का होईना, फिरलं. कार्बोरेटरमध्ये जुनं पेट्रोल चिकासारखं घट्ट झालं होतं, ते लेमाईने दात घासायच्या जुन्या ब्रशने घासून काढलं. पेट्रोलची नळी वाकवली तर तिला भेगाच भेगा. ती बदलली. पाणी खेचणारं रबरी चक्र कडक होऊन तुटलं होतं, ते जरावने बाजारगावाहून नवं आणलं. लेमाई शेजारी बसून प्रत्येक स्क्रू उलट्या झाकणात क्रमाने मांडत होती. दुपारी ओसरीवर ऊन पिवळं पडायचं, खाली नदी वाहत राहायची, आणि आपण नऊ वर्षांपूर्वीच्याच एखाद्या दुपारी बसलोय, असं तिला वाटायचं.

चौथ्या दिवशी जराव हात पुसत म्हणाला, "झालं. आता चालेल."

"झालं नाही. गिअरमध्ये असताना सुरू करायची दोरी ओढली जाऊ नये, म्हणून आत एक अडकण असते. ती कुठे आहे?"

जरावने मान वर केली नाही. "वरच्या गावांत कुणीच ठेवत नाही ती. गंजून अडकते, मग मोटर सुरूच होत नाही."

"म्हणून तर त्याने काढली. पक्कड मी दिली होती, जराव." लेमाईचा आवाज नेहमीइतकाच शांत होता. "त्या दिवशी त्याने दोरी ओढली, गिअर लागलेला होता. होडीने झेप घेतली, तो मागे पाण्यात पडला आणि चालू पात्यासह होडी त्याच्याभोवती फिरत राहिली. मी काठावर उभी होते. त्याने मागितली आणि मी पक्कड दिली, एवढंच नऊ वर्षं मनात येतं."

जरावने हातातलं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाला, "अडकण काढायची युक्ती त्याला मी शिकवली होती. मला वाटायचं, तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून तुम्ही माझ्या होडीत बसत नाही."

"मला कुठे ठाऊक होतं?" लेमाई म्हणाली. थोड्या वेळाने तिने भाताच्या दारूचा एक पेला त्याच्यापुढे सरकवला आणि एक स्वतः घेतला.

अडकण जरावने दुसऱ्या मोडक्या मोटरीतून काढून बसवली. गिअर टाकून लेमाईने दोरी ओढून पाहिली. हलेना. न्यूट्रलला आणून ओढली, तर सरकली. असं तिने दहा वेळा केलं. मग मोटर पाण्याच्या पिंपात उभी करून सुरू केली. निळा धूर निघाला, खोकल्यासारखे दोन आवाज आले आणि बाजूच्या भोकातून पाण्याची बारीक धार उडू लागली.

पहाटे दोघं निघाली. पुढे जराव, मागे मोटरीपाशी लेमाई. मोटर बंद करायची लाल दोरी तिने मनगटाला बांधली होती. धुक्यात काठ दिसत नव्हते, फक्त कुठे कोंबडा आरवला की तिथे घर आहे, एवढं कळायचं. मधल्या डोहात तिने मुद्दाम हात झटकला. दोरीचं टोक मोटरीतून सुटलं, मोटर थांबली. होडी गोल फिरली नाही, अलगद मागे वाहू लागली.

"काय झालं?" जरावने दचकून विचारलं.

"काही नाही. बघत होते."

झाडांखाली अर्धी फळं रानडुकरांनी खाल्ली होती. उरलेल्यांतलं एक लेमाईने फोडलं, मेंग्गाच्या नावाने थोडा गर झाडाच्या बुंध्याशी ठेवला, मग उरलेला स्वतः खाल्ला. बोटांना उग्र वास लागला, तो तिने धुतला नाही.

परतताना होडी फळांनी जड झाली होती, म्हणून ती हळू हाकत होती. दुसऱ्या वळणावर एक म्हातारी कोंबडा काखेत धरून हात हलवत होती, खालपर्यंत सोड म्हणून. लेमाईने होडी तिकडे वळवली, न्यूट्रल टाकलं आणि होडी काठाला लागेपर्यंत वाट पाहिली.