मूठ परत पोत्यात

"बाई, ते तोंड लावणं बंद करा. पाहुणे हायेत. किळस वाटते."

लातूरच्या एका डाळमिलच्या ऑफिसात छोटे सेठ मला हे म्हणाले. माझ्या मुठीत तूरडाळ होती. मुठीवर मी नुकतीच तोंडाची गरम वाफ सोडली होती आणि नाक जवळ नेलं होतं. समोर हैदराबादचे दोन खरेदीदार. त्यांच्यापुढे नवी मशीन. पसाभर डाळ टाकायची, वरून कॅमेरा बघतो, पडद्यावर मालाची प्रत उमटते. पाहुणे हसले. छोट्या सेठनी माझ्या हातातली डाळ एका कागदावर ओतून घेतली, कागद चुरगाळला आणि कचऱ्याच्या टोपलीत टाकला.

मी पंचेचाळीस वर्षांची. बी.एस्सी. झालेली. या मिलमध्ये डाळ तपासता तपासता सोळा वर्षं गेली. आणि त्या टोपलीकडे बघताना मी एकदम नऊ वर्षांची झाले.

माझा बाप नांदेडच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाल होता. पोती वाहायचा. मालात काही काळंबेरं वाटलं की तिथला सेठ म्हणायचा, "बोलवा त्याला." आम्ही बौद्ध. बापानं दुकानाच्या ओट्याखालीच उभं राहायचं. वरून त्याच्या ओंजळीत मूठभर धान्य टाकलं जायचं. तो मूठ बंद करायचा, अंगठ्याजवळच्या फटीतून आत वाफ सोडायचा, उबेनं दडलेला वास वर आला की हुंगायचा. "भिजलेलं हाय, सेठ. वरून वाळवलंय." त्याचं कधी चुकलं नाही. त्याच्या नाकावर सौदे ठरायचे, मोडायचे. पण त्यानं हुंगलेली मूठ परत पोत्यात जायची नाही. ती कोंबड्यांना. बापाचं नाक चालायचं, बापाची वाफ चालायची नाही.

एकदा मी विचारलं, "बा, आपल्या तोंडाला वास येतो का?"

घरी आल्यावर त्यानं ज्वारीची मूठ माझ्या हातात दिली. "हुंग. धान्य खरं बोलतं, पोरी. तू खोटं सांगू नको."

आता कोंबड्यांऐवजी प्लास्टिकची टोपली आली, एवढाच काय तो फरक.

आणि त्या मशीनला शिकवलं कुणी? मीच. पुण्याहून इंजिनिअर आला होता. तो पडद्यावर डाळीचे फोटो दाखवायचा, मी प्रत सांगायची. दोन महिने हेच. मी म्हटलं, "हुंगल्याबिगर कसं सांगू?" तो म्हणाला, "अंदाजे टाका ना, मॅडम." मी टाकलं. आयुष्यात कुणी मॅडम म्हटलं नव्हतं, हुरळून गेले. हुरळली मेंढी अन् लागली लांडग्याच्या पाठी. ही माझी चूक आहे आणि मी ती झाकणार नाही. बापाची शिकवण मी माझ्या हातानं अर्धी करून दिली. मशीन माझे डोळे घेऊन गेली. नाक माझ्याजवळच राहिलं, आणि आता तेच किळसवाणं ठरलं.

दिवाळीनंतर एक गाडी भरून उभी होती. इस्लापूरकडच्या एका वसतिगृहाची डाळ. छोट्या सेठनी कागद पुढे केला. "मशीननं पास केलंय. खाली तुमची सही करा." वसतिगृहाला माणसाची सही लागते. बघा गंमत. तपासायला मशीन, उद्या काही झालं तर अडकायला बाई.

डाळ दिसायला नवरीसारखी. जुन्या मालाला तेलाचा हात फिरवला की कॅमेराच काय, डोळस माणूसही फसतो. मी पोतं उघडून मूठ भरली. वाफ सोडली. कुबट. आत मुरलेला बुरशीचा वास. तो वास मला पाठ आहे. मी नांदेडला मुलींच्या वसतिगृहात राहून शिकले. तिथल्या वरणाला हाच वास यायचा. आम्ही नाक दाबून जेवायचो, पोट दुखलं तर गप्प पडून राहायचो. त्या डाळीच्या कागदावरही कुणीतरी सही केली असणारच. त्या न पाहिलेल्या माणसाला मी तेव्हा रोज शिव्या द्यायची.

मी कागदावर लिहिलं, नापास, कुबट वास. खाली सही केली. पूर्ण नावाची.

"मशीन पास म्हणून राहिली, अन् तुम्ही नापास?"

"मग मशीनचीच सही घ्या."

"उद्यापासून येऊ नका."

मी ती मूठ त्यांच्या नाकाजवळ धरली. त्यांनी झटकन तोंड फिरवलं. डाळीच्या वासानं की माझ्या वाफेनं, मला ठाऊक नाही. मला आता त्याची फिकीरही नाही. हमाल बघत होते. गाडी त्या दिवशी हलली नाही.

दुसऱ्या दिवशी मी वेळेवर गेले आणि माझ्या टेबलाशी बसले. घरात माझ्याच पगारावर चूल पेटते. छोटे सेठ आले तसं मी म्हटलं, "काढायचं तर लेखी द्या, सेठ. कारण बी लिहा. मूठ हुंगली म्हणून काढलं, असं लिहा."

त्यांनी हिशेब लिहिणाऱ्या मुनीमजींकडे पाहिलं. मुनीमजींनी खाली मान घातली. कुणीच काही लिहिलं नाही.

ते पत्र अजून आलेलं नाही. यायचं तर येऊ दे. मशीनशी माझं भांडण नाही, तिला दिसतं तेवढं ती सांगते. पण ज्या मालाखाली माझी सही जाणार, त्याचं पोतं मी उघडणार. मूठ भरणार, वाफ सोडणार, हुंगणार. कुबट निघाला तर नापास लिहिणार. आणि चांगला निघाला तर ती हुंगलेली मूठ, पाहुणे असोत की सेठ असोत, सगळ्यांदेखत परत पोत्यात टाकणार.