कोंडलेल्या माणसाचं कलम

माझी धाकटी बहीण नांदुऱ्याला दिली होती. धान्याच्या व्यापाऱ्याचं घर, खाली दुकान, वर राहणं. लग्नाला दुसरं वर्ष लागलं आणि तिचा फोन तिची सासू उचलू लागली. ती निजली आहे, ती अंघोळीला गेली आहे, ती देवाजवळ बसली आहे. मी लोणारला शिलाईचं दुकान चालवते. दुपारी मशीन थांबवून फोन लावायचा आणि दर वेळी तोच मऊ आवाज ऐकायचा. त्या आवाजात कधी राग नसायचा, आणि मला भीती वाटायची ती त्याचीच.

दिवाळीला ती माहेरी आली नाही, तेव्हा एसटी बदलत बदलत मीच नांदुरा गाठलं. सासूनं चहा दिला. बहिणीला ताप आहे, डॉक्टरांनी कुणाला भेटू देऊ नका असं बजावलं आहे, असं सांगितलं. बहिणीचा नवरा समोरच्या खुर्चीत मोबाईल पाहत बसला होता. हात धुवायचं निमित्त करून मी जिन्याकडे गेले. थोड्या पायऱ्या चढल्यावर वरच्या खोलीचं दार दिसलं. दाराला बाहेरून कडी होती आणि कडीला कुलूप. कडी नवीकोरी, तिच्यासाठी लाकूड कोरलं होतं त्याचा भुसा अजून खाली पडलेला. दारामागे कुणीतरी हललं. मी हाक मारणार तोच खालून तिचा नवरा म्हणाला, "ताई, मोरी इकडं हाये."

घरी येऊन वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, त्यांच्या घरचा मामला आहे, आपण मध्ये पडलो तर तिलाच जड जाईल. ओळखीच्या वकिलांनी आधी नोटीस पाठवू म्हटलं. पण नोटीस त्या घरात पोचल्यावर त्या दारामागे काय होईल, हे मला कोणी सांगत नव्हतं. माझ्याकडे कपडे शिवायला येणाऱ्या एका शिक्षिकेनं मला सुचवलं की बुलढाण्याला कायद्याच्या पुस्तकांचं ग्रंथालय आहे, तिथे आपल्यासारख्यांनाही बसून वाचू देतात.

लोखंडी कपाटांच्या रांगा, ट्यूबलाइटची घरघर आणि टेबलाशी एक चष्मेवाल्या मॅडम. खरं बोलायचा धीर झाला नाही. शेजारच्या बाईच्या बहिणीची गोष्ट म्हणून मी सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही.

मग म्हणाल्या, "मी वकील नाही. काय करा ते मी सांगणार नाही. कुठे काय लिहिलंय ते मात्र दाखवीन."

त्यांनी आधी एक जाडजूड जुनं पुस्तक काढलं, सत्त्याण्णव कलम उघडलं आणि लगेच मिटलं. हा कायदा आता बदलला, तीच गोष्ट नव्या पुस्तकात शंभराव्या कलमात आहे, असं सांगून मराठीतलं नवं पुस्तक माझ्यापुढे ठेवलं. मी ओळीखाली बोट धरून वाचलं. कुणाला बेकायदेशीर कोंडून ठेवलं आहे असं मानायला मॅजिस्ट्रेटला कारण असेल, तर ते झडतीचं वॉरंट काढू शकतात, आणि सापडलेल्या माणसाला लगेच त्यांच्यासमोर आणावं लागतं. नोटिशीचा त्यात कुठे उल्लेख नव्हता. 'कारण' या शब्दावर मॅडमनी पेन्सिल टेकवली. नुसती शंका पुरत नाही, डोळ्यांनी काय पाहिलं ते लिहावं लागतं, असं त्या म्हणाल्या. मग पुस्तकातून मान वर न करता त्यांनी विचारलं, "कुलूप तुम्ही स्वतः पाहिलं?"

मी हो म्हटलं. शेजारच्या बाईचा विषय पुन्हा निघाला नाही. बायकांना कोर्टात फुकट वकील मिळतो, तेही त्यांनी काढून दाखवलं. निघताना एवढंच म्हणाल्या की सज्ञान माणूस जिथे जायचं म्हणेल तिथे कोर्ट त्याला जाऊ देतं. बहीण कुठे जायचं म्हणेल, याचाच विचार करत मी परतीच्या एसटीत बसले.

अर्जात मी कडी लिहिली, कुलूप लिहिलं, भुसा लिहिला. वॉरंट निघालं. पोलीस गेले तेव्हा मी खाली रस्त्यावर उभी होते. किल्ली सापडत नाही, असं सासू त्याच मऊ आवाजात सांगत होती. मग कडी तोडल्याचा आवाज आला. महिला पोलिसाचा हात धरून बहीण जिना उतरली. तिचे केस कानापर्यंत कापलेले होते. बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईकडे पाहावं तसं तिनं माझ्याकडे पाहिलं.

कोर्टात साहेबांनी तिला विचारलं, कुठे जायचं आहे.

"मले घरी जायचं," ती म्हणाली.

तिचा नवरा तत्काळ पुढे सरकला. साहेबांनी हातानंच त्याला थांबवलं आणि विचारलं, "कोणत्या घरी?"

तिच्या मागे सासू उभी होती, नुसती उभी. बहिणीनं त्या घराचं नाव घेतलं असतं, तर मला काहीही करता आलं नसतं. ती खाली फरशीकडे पाहत राहिली.

"ताईच्या," ती शेवटी म्हणाली.

आता ती माझ्याजवळ असते, दुकानात काजं-बटणं करते. केस वाढले, जेवण सुधारलं, क्वचित हसूही लागली. उन्हाळ्याच्या तोंडावर दुकानासमोरच्या कडुलिंबाखाली एक पांढरी गाडी येऊन थांबायला लागली. काचा वर, आतून कुणी उतरत नाही. एकदा मीच रस्ता ओलांडून गेले. काच खाली झाली. तिच्या नवऱ्यानं अगदी आपुलकीनं विचारलं, "बरी हाये ना ते?" आणि काच पुन्हा वर गेली. त्यात तक्रार करण्यासारखं मी काय सांगणार होते? बहिणीनं त्या दिवसापासून दुकानाचा पडदा उघडणं सोडलं.

गेल्या आठवड्यात तीच म्हणाली, बुलढाण्याला जाऊ. मॅडमनी आम्हाला ओळखलं, दोन खुर्च्या ओढल्या. मी तोंड उघडायच्या आत बहीण बोलली.

"मॅडम, एखादा माणूस काहीच करत नाही. शिव्या नाही, धमकी नाही. फक्त रोज समोर येऊन उभा राह्यते. त्याच्यासाठी कुठं काही लिहेल हाये का?"

मॅडम उठून कपाटाकडे गेल्या. एक पुस्तक काढलं, चाळलं, दुसरंही काढलं. पुस्तकं टेबलावर आली तशी बहिणीनं ती स्वतःकडे ओढली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी वाचते. तू खिडकीपाशी बस, ताई. रस्ता पाहत राहा."