शकूने लिहिलेला गुणाकार

बुधवार पेठेतून सायकल हाणत विश्रांतवाडीच्या शाळेत पोचायला शमशुद्दीन गुरुजींना पाऊण तास लागे, आणि तेवढ्या वेळात ते एकोणतिसाचा पाढा एकदा सरळ, एकदा उलटा म्हणत. गणितात आपला हात धरणारा कोणी नाही, असं त्यांचं स्वतःचं मत होतं. बाकीच्या शिक्षकांनी ते वादाला कंटाळून मान्य केलं होतं.

अडुसष्ट सालच्या सहामाहीत चौथीतल्या शकूच्या पेपरात ४८ गुणिले २५ समोर नुसतं १२०० होतं. ना रेघ, ना हातचा.

"कुणाचं बघून लिहिलंस?"

"न्हाई बघितलं, गुरुजी."

"मग आकाशवाणी झाली वाटतं!" वर्ग हसला. "उद्या वडिलांना घेऊन ये."

शकूचं तोंड उतरलं. तिचा बाप सर्जेराव पोरीला कायमची मळ्यात जुंपायला निमित्तच शोधत होता. कॉपीचा आळ त्याच्या कानी गेला की शाळा संपलीच. ती हमसून रडायला लागली, तेव्हा गुरुजी जरा वरमले.

"बरं, कसं केलंस ते लिही. शब्दांत."

गणिताच्या वहीत शब्द लिहायला त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. शकू अख्खी मधली सुट्टी लिहीत बसली. शुद्धलेखनाचा आनंदच होता.

'आय कांद्याचं रोप लावती. एका वळीत पंचवीस रोपं. चार वळी झाल्या की शंभर, मग आय पाठ सरळ करती. अठ्ठेचाळीस वळी लावताना आय बारा येळा पाठ सरळ करती. म्हणून बाराशे.'

गुरुजींनी ते दोनदा वाचलं. बावीस वर्षं ते उत्तरं तपासत आले होते, पण पोरांच्या डोक्यात उत्तर कुठल्या वाटेनं येतं, हे विचारायचं त्यांना कधी सुचलंच नव्हतं. अशा किती वाटांवर आपण लाल फुली मारली असेल, या विचारानं ते हबकले. आणि समोरची ही नऊ वर्षांची पोर त्यांना एकदम फार मोठी दिसायला लागली.

"वडिलांना आणू नकोस," ते सगळ्या वर्गासमोर म्हणाले. "माझं चुकलं." मग राहवेना म्हणून फळ्यावर २७ गुणिले २५ मांडत विचारलं, "पण शकू, ओळी सत्तावीस असल्या तर?"

शकूने बाहीला नाक पुसलं. "सा येळा पाठ सरळ, त्याचे साशे. उरल्या तीन वळी, त्याचे पंच्याहत्तर. साशे पंच्याहत्तर. बरोबर हाय का, गुरुजी?"

फळ्यावर गुरुजींचा खडू अजून पाच साते पस्तिसावर होता.

"थांब बाई," ते म्हणाले, "माझं व्हायचंय अजून."